नळदुर्गची गाडी कुणी रद्द केली?

१

मैत्रीला अंतर नसतं, वय नसतं आणि चेहराही नसतो. हे वाक्य ‘सहा पडले’ या गटाच्या माथ्यावर पाच वर्षं लिहिलेलं होतं आणि पाच वर्षं ते खरंही ठरलं, कारण तेवढ्या काळात गटातल्या कुणीच कुणाला पाहिलेलं नव्हतं. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी हे सगळे धाराशिवच्या रेल्वे स्टेशनाबाहेर पहिल्यांदा एकत्र उभे राहिले. पहिला चहा संपायच्या आत एकमेकांची वयं कळली, चेहरे कळले, आडवळणानं आडनावंही विचारून झाली. गाडी मात्र आली नाही.

गाडी म्हणजे नळदुर्गच्या रेवणसिद्धची टेम्पो ट्रॅव्हलर. ती स्टेशनावर येणार, सगळ्यांना घेणार आणि दोन दिवस जिल्हा दाखवणार असं ठरलं होतं. ठरवलं होतं महारुद्रनं. महारुद्र पन्नाशी ओलांडलेला, सरकारी कचेरीतला कारकून. त्याची मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करत होती आणि मुलीच्या जेवणाची आबाळ नको म्हणून बायकोही लातूरलाच होती. धाराशिवात राहिले होते महारुद्र आणि गॅसची शेगडी.

लॉकडाऊनमधे मोबाइलवरच्या लुडोनं या अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्या होत्या. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर पडत नाही, हा नियम त्या दिवसांत सगळ्यांनाच आपला वाटला. पुढं दारं उघडली, माणसं कामाला लागली, पण हा गट टिकला. महारुद्र रोज डब्याला मोबाइल टेकवून जेवायचा. म्हणजे तसा तो एकटा जेवायचाच नाही.

त्यानं रेवणसिद्धला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून शांत आवाज आला.

“गाडी? ती तर तुमच्यातल्याच माणसानं रद्द केली की साहेब. मागच्या ऐतवारी. घरी येऊन सांगून गेलंय.”

२

बातमी ऐकून सगळ्यांनी आधी महारुद्रकडं पाहिलं. यात त्यांची चूक नव्हती.

या सहलीची आखणी दिवाळीपासून चालू होती. पुण्याच्या अर्पितानं रंगीत तक्ता केला होता. अर्पिता संगणकाच्या कंपनीत कामाला, गटात सगळ्यात लहान. तिच्या तक्त्यात सूर्योदय धाराशिवच्या लेण्यांत होता, नाश्ता तेरच्या संग्रहालयापाशी, मग येडशीचं रामलिंग, तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर आणि सूर्यास्त परंड्याच्या किल्ल्यावर. परंडा जिल्ह्याच्या एका टोकाला आणि अणदूर दुसऱ्या, हे सूर्याला माहीत होतं, तक्त्याला नव्हतं. महारुद्रनं परंडा कापला. तेव्हापासून उमरग्याचे शिवानंद गुरुजी त्याच्याशी फक्त खेळापुरतं बोलत. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. परंडा नसेल तर ही सहल नसून भजनी मंडळाची फेरी आहे, असं त्यांनी लेखी कळवलं होतं.

सास्तूरच्या विठाबाईंना गड नको, पायऱ्या नकोत आणि बाहेरचं जेवण नको. मग सहलीला कशाला येता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, तुमाला बघायला. सास्तूर बघायला जाऊ का, असंही महारुद्रनं सुचवलं होतं. त्यावर भूकंपानंतर गाव सगळं नवंच झालंय, त्यात काय बघायचं, असं उत्तर आलं.

राहता राहिला अणदूरचा बालाजी. मोटार रिवायंडिंगचं दुकान, बोलणं कमी, पण गटातला सगळ्यात मायाळू माणूस. महारुद्र रोज जेवलाय की नाही हे विचारणारा जगात तो एकटाच. जोडीच्या डावात महारुद्रचा जोडीदारही तोच. गाडी त्यानंच बघून दिली होती आणि आपल्याच नावावर नोंदवली होती. फक्त तक्त्यात अणदूर आलं की तो ते हलक्या हातानं बाहेर काढायचा. खंडोबा बघायला अणदूरला यायचं म्हणता, पण देव आता तिथं नाही, असं त्यानं कळवलं. ते खरंच होतं. देव एक आणि देवळं दोन. वर्षातले दहा महिने खंडोबा अणदुरात, बाकीचे दोन नळदुर्गला. मार्गशीर्षात पालखीनं जातो आणि जानेवारीत अणदूरच्या देवळात गेलं तर नमस्कार मोकळ्या जागेला करावा लागतो.

देव नसंना का, तू तर हायस की, जेवायला तुझ्याकडंच येतो, असं विठाबाईंनी जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी बालाजीनं लिहिलं की मला बरं वाटत नाही. तेव्हा बाकी सगळं रद्द करून बालाजीला बघायला अणदूरलाच जाऊ, असा ठराव पास झाला. सकाळी बालाजीला एकदम बरं वाटायला लागलं.

या सगळ्याला वैतागून महारुद्रनं महिन्यापूर्वी एक वाक्य लिहिलं होतं. गुरुजींनी आता स्टेशनाबाहेर खिशातून चष्मा काढला, ते वाक्य मोबाइलवर शोधलं आणि वर्गात वाचावं तसं वाचून दाखवलं. “‘मला या सहलीचा कंटाळा आलाय. कुणीतरी ही रद्द करा रे बाबांनो.’ हे आपणच लिहिलंत ना?”

महारुद्र म्हणाला, लिहिलंय. पण ते थकून लिहिलं होतं.

“गुन्हेसुद्धा बहुधा थकूनच होतात,” गुरुजी म्हणाले.

विठाबाई मधे पडल्या नाहीत. अर्पिता मोबाइलमधे बघत राहिली. बालाजी तर पहिल्यापासूनच लांब, पानटपरीच्या सावलीत उभा होता. महारुद्रला एकदम लक्षात आलं की आज हे चौघं आपापल्या बसमधे बसून परत गेले तर पुढच्या आठवड्यात एकेक जण गटातून निघेल आणि मग खोलीत खरोखरच एक शेगडी उरेल. त्याला रहस्याची अजिबात हौस नव्हती. पण आता ते सोडवणं भाग होतं.

“ज्यांच्याकडं निरोप दिला, त्यांनाच विचारू,” तो म्हणाला. “नळदुर्गची बस लागलीच आहे.”

३

उमरग्याचे गुरुजी आणि अणदूरचा बालाजी दोघंही पहाटे नळदुर्गवरूनच धाराशिवला आले होते. आता ते नळदुर्गला जायला पुन्हा बसमधे बसले. हा भाग तक्त्यात मुळापासून तसाच होता आणि दिवाळीपासून कुणाच्याही लक्षात आला नव्हता.

तुळजापुरात बस थांबली. अर्पितानं खिडकीतूनच देवीच्या दिशेनं हात जोडले आणि तक्त्यातल्या एका चौकटीत रंग भरला. बालाजी खाली उतरला, वडापाव घेऊन आला आणि खिडकीकडं तोंड करून एकट्यानं खाल्ला. महारुद्र शेजारीच बसला होता. कुणी काही खाल्लंय का, असं बालाजीनं विचारलं नाही. माणसाचा मोबाइलवर एक स्वभाव असतो आणि बसमधे दुसरा, अशी महारुद्रनं स्वतःची समजूत घातली. विठाबाईंनी मागच्या बाकावरून हाक मारली, “ए बालाजी, काढ की मोबाइल, एक डाव होऊ दे.” चष्मा घरी राहिलाय, असं तो म्हणाला. त्यानंतर नळदुर्ग येईपर्यंत त्यानं झोपेचं सोंग घेतलं. पापण्या मात्र हलत होत्या.

रेवणसिद्धचं घर बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. रेवणसिद्ध कुणाची तरी गाडी घेऊन भाड्यावर गेला होता. ओट्यावर त्याचे वडील शिवप्पा बसले होते, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर भलामोठा काळा चष्मा. म्हाताऱ्याला पाहुणे आल्याचा आनंद झाला. ऑपरेशन झाल्यापासून त्याला कुणी काही दाखवत नव्हतं आणि कुणी काही विचारत नव्हतं.

गुरुजींनी घसा साफ करून प्रश्नांना सुरुवात केली. निरोप आणणारी व्यक्ती किती उंच होती, कपडे कसे होते, चालताना लंगडत होती काय.

“मास्तर,” शिवप्पा म्हणाले, “तवा माझ्या डोळ्याला पट्टी होती.”

मग महारुद्र पुढं झाला. नेमकं काय बोलणं झालं तेवढंच सांगा आप्पा, असं तो म्हणाला. शिवप्पांनी तंबाखूची चिमूट एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ऐतवार होता, खंडोबाला गर्दी होती, दुपारी दाराशी कुणीतरी आलं, आत या म्हटलं तर आलं नाही, उंबऱ्याबाहेरूनच सहल रद्द झाल्याचं सांगितलं. तेवढं सांगून गेलं.

“आवाज ओळखीचा होता का?”

“न्हाय. पर बाई होती.”

४

गटात बाया दोनच होत्या. विठाबाईंनी लगेच सांगून टाकलं की मागच्या ऐतवारी त्या सुनेच्या माहेरी हरभऱ्याचा ढाळा खात होत्या आणि पाहिजे तर सुनेला फोन लावा. फोन कुणी लावला नाही, कारण तोवर सगळे अर्पिताकडं वळले होते.

अर्पितानं न विचारताच सांगितलं की ती मागच्या रविवारी सोलापुरात होती. भाचीचं बारसं होतं. तिनं हे लपवायला हवं होतं असं महारुद्रला वाटून गेलं, इतके गुरुजींचे डोळे चमकले. सोलापूर ते नळदुर्ग अंतर काहीच नाही.

“आणि तुझा तक्ता नामंजूर झाला होता,” गुरुजी म्हणाले.

“तुमचा परंडा पण नामंजूर झाला होता, सर.”

“मी बाई नाही,” गुरुजी म्हणाले. एवढा पक्का पुरावा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला असावा.

भांडण गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. महारुद्र ओट्यावरच बसून राहिला. त्याला दमल्यासारखं झालं होतं. पाच वर्षं या माणसांनी एकमेकांच्या सोंगट्या मारल्या होत्या आणि हसले होते. त्यानं उगाच काही तरी विचारायचं म्हणून शिवप्पांना विचारलं, की रेवणसिद्धकडं चार गिऱ्हाइकं असतील, त्यातली कुठली गाडी रद्द करायची हे तुम्हाला कसं कळलं?

“इचारलं की म्या,” शिवप्पा म्हणाले. “म्हनलं, बाई, नाव काय सांगू? गाडी कुणाच्या नावावर हाय? तर ती म्हनली, तिरुपतीला देव असतो ना, त्याच्या नावावर. म्या म्हनलं, गोविंद? न्हाय म्हनली. व्यंकटेश? न्हाय म्हनली. बालाजी? तर नुसतं हूं केलं.”

गुरुजी भांडता भांडता थांबून हे ऐकत होते. ते परत आले. “कोड्यात बोलली! म्हणजे सुशिक्षित आहे. नाव उच्चारलं तर आपण सापडू, हा त्यातला विचार.”

अर्पितानं मोबाइल वर धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी कोरडा होता. “मी बालाजीदादांचं नाव घ्यायला का घाबरू? सकाळपासून घेतेयच ना. आणि मला तिरुपतीला कोण असतं हे आत्ता तुमच्याकडून कळतंय. मी गट सोडतेय. तुम्ही खेळा.”

तिचा अंगठा त्या बटणावर आला होता.

महारुद्रला अचानक त्याची आई आठवली. त्याच्या वडिलांचं नाव मारुती. आई जन्मभर शनिवारी मारुतीला तेल घालायला गेली, पण मारुतीला गेले असं कधी म्हणाली नाही. पारावरच्या देवाला जाऊन येते, असं म्हणायची. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हाही तिनं महारुद्रकडं बोट केलं होतं, की याला विचारा.

“अर्पिता, थांब,” तो म्हणाला. “तू नाहीस. आपल्या गटातली कुणीच नाही.”

५

मग कोण, हे मात्र त्यानं तेव्हा सांगितलं नाही. बालाजीला म्हणाला, चल, इथवर आलोय तर किल्ला बघून येऊ. बाकीचे ओट्यावर थांबले. शिवप्पांनी त्यांना ऑपरेशन पहिल्यापासून सांगायला घेतलं.

नळदुर्गच्या किल्ल्यात जो धबधबा बघायला माणसं लांबून येतात, तो जानेवारीत नसतो. बंधाऱ्यावर दोघं उभे राहिले. खाली हिरवट पाण्यात एक म्हैस होती. महारुद्रनं म्हशीकडं बघत विचार जुळवला. एखाद्याला नाव लपवून गाडी रद्द करायची असती, तर त्यानं गाडीवाल्याला बालाजीचं नाव बिनदिक्कत सांगितलं असतं. ते नाव सांगण्यात धोका काहीच नव्हता, नोंदणीच त्या नावावर होती. धोका नसताना जे नाव एका बाईच्या तोंडून निघत नाही, ते तिच्या नवऱ्याचं. इथवर ठीक होतं. पण बायकोनं नवऱ्याची सहल का मोडावी? संशयी असेल, तापट असेल. घरोघरी असतात. तरी त्याला ते पटेना. तसं असतं तर तिनं नवऱ्याला सोडलंच नसतं. आज तो आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, आणि आल्यापासून परीक्षेला बसवल्यासारखा घामाघूम होता.

“बालाजी,” महारुद्र म्हणाला, “एक विचारू? पिठल्यात गुठळी होऊ नये म्हणून काय करायचं?”

बालाजीनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हशीकडं बघितलं.

“बायकोला सांगायचं,” तो म्हणाला.

महारुद्रला पिठलं याच बालाजीनं शिकवलं होतं. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळीत सोडायचं आणि पळी एकाच बाजूला फिरवायची. मोटारीची कॉइल गुंडाळणाऱ्या माणसाला हे कसं काय ठाऊक, याचं त्याला तेव्हाही कौतुक वाटलं होतं. संशय आला नव्हता. कौतुक वाटलं की माणूस पुढचं बघत नाही.

“तुम्ही कधी लुडो खेळलायत का हो?” त्यानं विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तो बालाजीला तुम्ही म्हणाला.

बालाजीनं रुमालानं मान पुसली. “साहेब, मला सोंगटी कुठनं निघते ते बी म्हाईत न्हाय,” तो म्हणाला. “आमची कमल जाऊन या म्हनली. जास्त बोलू नका म्हनली. सकाळपासनं माझं डोकं दुखायलंय.”

६

वडापच्या जीपमधे महारुद्र पुढं ड्रायव्हरजवळ बसला. अणदुरात जाऊन जेवताना सांगतो, एवढंच त्यानं मागच्यांना सांगितलं होतं. त्याला वाटत होतं की जीप पंक्चर व्हावी. न सांगावं तर अर्पिता चोर ठरत होती. सांगावं तर जो माणूस रोज त्याची विचारपूस करायचा, तो माणूसच नाहीसा होणार होता. ही त्याच्या शोधाची कमाई.

दुकानामागंच घर होतं. दारात चाळिशीच्या पुढची एक बाई उभी होती, पदर डोक्यावर, हात ओले. बालाजीनं लांबूनच मान हलवली आणि तिला सगळं कळलं. ती आत पळाली नाही. चटया टाकून बसा म्हणाली.

महारुद्रनं जमेल तेवढ्या थोडक्यात सांगितलं. गाडी रद्द करणाऱ्या बाईला बालाजी हे नाव घेता येत नव्हतं. विठाबाई ते सकाळपासून ओरडून घेताहेत, अर्पिता घेतेय. ते घेता न येणारी बाई या जिल्ह्यात एकच. आणि गटातल्या बालाजीला जे जे येतं, ते ते इथं बसलेल्या बालाजींना येत नाही. आपण पाच वर्षं यांच्याशी खेळलोच नाही. आपण कमलबाईंशी खेळलोय.

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

“मोबाइल ह्यांचा जुना,” कमलबाई म्हणाल्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. “शीम ह्यांच्या नावावर. घर ह्यांच्या, लाइट ह्यांच्या. त्या खेळात नाव इचारलं तवा म्या जे कार्डावर हाय ते टाकलं. दुसरं टाकून चालतंय का, ते बी म्हाईत नव्हतं. मग तुमी सगळे भाऊ भाऊ म्हनायला लागला. आता मधीच कसं सांगू, भाऊ न्हाय म्हनून?”

पहिल्या दिवशीच सांगायचं, असं गुरुजी म्हणाले.

“पहिल्या दिवशी कुठं म्हाईत होतं, पाच वर्सं बोलत्याल म्हनून.”

रविवारी त्या खंडोबाला म्हणून नळदुर्गला गेल्या होत्या आणि परतताना शिवप्पांच्या दाराशी थांबल्या होत्या. गाडी नाही म्हटलं की सहल आपोआप मोडेल असा हिशोब होता. पण गाडीवाल्यानं ते कुणाला कळवलंच नाही आणि शुक्रवारी सगळ्यांनी लिहिलं, निघालो. आजारी पडायची तर सोयच नव्हती. मग नवऱ्याला पाठवलं.

“लपवायसारखं काय होतं त्यात?” विठाबाई तडकून म्हणाल्या. “म्या तुला भाऊ म्हनून माझ्या गुडघ्याचं सांगितलं, पोटाचं सांगितलं न्हाय. पाच वर्सं पोटाचं कुनाला सांगावं ते कळंना. तू बोलली असतीस तर?”

“तुमचं ठीक हाय आक्का,” कमलबाई म्हणाल्या. मग त्या पुरुषांच्या चटईकडं न बघता म्हणाल्या, “ह्या बाप्यांचं न्हाय. आता बाई म्हनून बोलतील. म्हंजी बोलनारच न्हाईत.”

असं कसं, आमच्याकडून काही फरक पडणार नाही, असं गुरुजींनी ठामपणे सांगितलं. आणि ते वाक्य त्यांनी बालाजीला उद्देशून सांगितलं. पुढं म्हणाले, “वहिनींना म्हणावं, निश्चिंत राहा.” वहिनी हातभर अंतरावर उभ्या होत्या.

महारुद्रला हसू आलं नाही. कारण त्यालाही मान वर करून बघणं जमत नव्हतं. मुलीचे मार्क कमी आले तेव्हा तो काय बोलला होता, बायकोशी भांडण झालं तेव्हा काय लिहिलं होतं, एकदा ताप असताना रडका आवाज कसा पाठवला होता, हे सगळं त्या दाराच्या चौकटीत उभं होतं. तोंडाशी ‘बालाजी’ येत होतं. ‘कमलबाई’ म्हणायचं तर पाच वर्षं मागं जाऊन ओळख करून घ्यावी लागणार होती. सगळं खरं कळलं होतं आणि बोलायला काही उरलं नव्हतं.

ताटं वाढली गेली. जेवण उत्तम होतं आणि ते पूर्ण शांततेत झालं. उमरग्याची बस किती वाजता असते, असं गुरुजींनी बालाजीला विचारलं. अर्पिता बोटांनी चटईचे धागे मोजत होती.

ताटं उचलून कमलबाई आत गेल्या. मग विठाबाईंनी भिंतीला पाठ टेकली, दुखरा पाय पुढं पसरला आणि कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला.

“मला कुनाचं तोंड बघायचं न्हाय,” त्या म्हणाल्या. “पाच जनांचा डाव लावलाय. यायचं त्यानं या.”

गुरुजींनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग चष्मा काढला. अर्पिता आली. महारुद्र आला. एक जागा रिकामी होती आणि ती बराच वेळ रिकामीच राहिली. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पडद्यावर बालाजी आला.

पहिल्या काही फेऱ्या कुणी काही लिहिलं नाही. नंतर गुरुजींची सोंगटी घराच्या तोंडाशी पोचली आणि आतल्या खोलीतून ती मारली गेली.

‘गुरुजी, बस आत्ताच गेली. बसा आता घरात,’ असं पडद्यावर उमटलं.

‘हा अन्याय आहे. माझी परंड्यापासून हीच गत,’ गुरुजींनी लिहिलं. मग विठाबाईंनी लिहिलं, अर्पितानं लिहिलं आणि महारुद्रनंही जुन्या सवयीनं लिहिलं की जोडीदार, डावी सोंगटी सांभाळ. ‘सांभाळलीय, तुम्ही तुमचं बघा,’ असं लगेच उत्तर आलं. एका भिंतीच्या अल्याड चौघं आणि पल्याड एक, सगळे माना खाली घालून भराभरा बोलत होते. खोलीत आवाज फक्त बालाजीचा होता. तो कोपऱ्यात उशी घेऊन झोपी गेला होता आणि या वेळी खरोखर.

ऊन उतरायला लागलं तेव्हा अर्पितानं दाराशी जाऊन विचारलं, की गटात नाव बदलून देऊ का, एका मिनिटाचं काम आहे. कमलबाईंनी थोडा विचार केला. राहू दे म्हणाल्या. मग म्हणाल्या, बदल. मग म्हणाल्या, ह्यांना एकदा विचारते. पुढच्या महिन्यात देव अणदुरात परत आला की सगळ्यांनी पुन्हा यायचं, हे मात्र विचारायची वाट न बघता ठरलं.

रात्रीच्या मुक्कामाला सगळ्यांना धाराशिवला न्यायचं होतं आणि सकाळी लेणी दाखवायची होती. तक्त्यात अजून बऱ्याच चौकटी पांढऱ्या होत्या. महारुद्र अंगणात आला आणि त्यानं रेवणसिद्धला फोन लावला. झालं गेलं सोडून दे, गैरसमज होता, निदान उद्यापुरती तरी गाडी पाठव, असं म्हणाला.

पलीकडून रेवणसिद्ध खाकरला.

“खरं सांगू का साहेब,” तो म्हणाला. “तवा बी गाडी यायची नव्हती. इंजिन खोलून म्हैना झाला, सोलापूरला पडलंय.”

मग नोंदणी कशाला घेतली, असं महारुद्रनं विचारलं.

“म्हनलं बघू,” रेवणसिद्ध म्हणाला. “तुमचं कुठं जमतंय.”